आखूड रायफल आणि तिचे काडतूस : ब्रिटिश साम्राज्याच्या एका निवडीचा इतिहास

शस्त्रांचा इतिहास बहुधा दोन पद्धतींनी लिहिला जातो. युद्धांचा इतिहासकार सेनापती, रसद आणि भूप्रदेश यांचा विचार करतो व शिपायाच्या हातातील बंदूक गृहीत धरून चालतो. शस्त्रसंग्राहक बंदुकीच्या प्रत्येक खिळ्याची नोंद ठेवतो. परंतु ती बंदूक कोणी निवडली आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून निवडली, याची नोंद त्याच्या यादीत सापडत नाही. या दोन पद्धतींच्या मध्ये निवडीचा इतिहास राहून जातो. या दृष्टीने ब्रिटिश साम्राज्याने इ. स. १९०२ च्या डिसेंबरात स्वीकारलेली ‘शॉर्ट मॅगझीन ली-एन्फील्ड’ ही आखूड रायफल विशेष अभ्यसनीय ठरते. दोन महायुद्धांत ती लक्षावधी सैनिकांच्या हाती होती. भारतात तर तिचा उपयोग एकविसाव्या शतकापर्यंत होत राहिला. येथील शिपायांनी तिला ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव दिले. हे नाव बंदुकीचे नसून तिच्या काडतुसाच्या मापाचे आहे. काडतुसाच्या मापाने बंदूक ओळखली जावी, ही गोष्ट वरवर किरकोळ दिसली तरी या सबंध इतिहासाचे सूत्र तीतच आहे.

प्रस्तुत निबंधात तीन मुद्द्यांचे विवेचन केले आहे. पहिला असा की, या रायफलीचा आखूडपणा हे मुख्यतः सैन्यरचनेतील एका प्रश्नाचे उत्तर होते. दुसरा असा की, तिचे काडतूस त्या वेळी नव्याने निवडले गेले नाही. ते वारशाने आले, आणि या वारशाने रायफलीच्या रचनेस मर्यादा घातल्या. तिसरा असा की, या निवडीत हिंदुस्थानास मत नव्हते. तथापि तिचे परिणाम या देशाने सर्वांत दीर्घ काळ वागविले.

१. वारसा

ब्रिटिश सैन्याने इ. स. १८८८ मध्ये एकेरी बाराची मार्टिनी-हेन्री बंदूक मागे टाकून ली-मेटफर्ड ही बोल्टची रायफल स्वीकारली. तिची यंत्ररचना जेम्स पॅरिस ली याची होती. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला ली कॅनडात वाढला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. खालून बसविण्याच्या काडतूसपेटीची त्याची कल्पना इ. स. १८७९ च्या पेटंटात दिसते. नळीतील पेचदार खाचांची योजना विल्यम एलिस मेटफर्ड याची होती. काळ्या दारूची काजळी साचून नळी लवकर चोंदू नये म्हणून त्याने उथळ आणि गोलसर कडांच्या सात खाचा ठरविल्या होत्या. काडतूस ०.३०३ इंच व्यासाचे व गोळी २१५ ग्रेन वजनाची होती. आरंभी त्यात दाबून बसविलेली काळी दारूच भरीत असत.

थोड्याच वर्षांत कॉर्डाइट ही निर्धूम दारू प्रचारात आली. तिच्या प्रखर उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या. तेव्हा इ. स. १८९५ मध्ये एन्फील्ड येथील शस्त्रशाळेने योजिलेल्या पाच खोल व चौकोनी कडांच्या खाचा स्वीकारण्यात आल्या आणि ‘ली-एन्फील्ड’ हे जोडनाव रूढ झाले. या क्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. प्रथम दारू बदलली, तिच्यामुळे नळी बदलावी लागली. परंतु काडतुसाचे कवच मात्र काळ्या दारूच्या काळातले तेच राहिले. या कवचाच्या बुडाशी बाहेर आलेली कडा होती. एकेरी बाराच्या बंदुकीत अशी कडा सोयीची असते, कारण तिला धरून रिकामे कवच ओढून काढता येते. पेटीत एकावर एक काडतुसे रचावयाची झाल्यास मात्र तीच कडा अडचणीची ठरते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की काडतूस अडकते. यास्तव प्रत्येक काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेपुढे राहील अशा बेताने ती भरावी लागत. जर्मन माउझर रायफलीस ही अडचण नव्हती, कारण तिचे काडतूस कडेविरहित होते.

लीच्या रचनेचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. बोल्ट बंद झाल्यावर त्यास अडवून धरणारे खुंट माउझरमध्ये बोल्टच्या पुढच्या टोकाशी असतात, तर लीच्या रचनेत ते मागच्या बाजूस असतात. त्यामुळे बोल्टचा प्रवास आखूड होतो, दांडी थोडीशीच फिरवावी लागते आणि बार झपाट्याने काढता येतात. परंतु स्फोटाचा दाब बोल्टच्या बऱ्याच लांबीवर येत असल्याने ही रचना फार जोरकस काडतुसास तितकीशी सोसत नाही. गती आणि दाब यांतील ही देवघेव पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

२. दमदमची गोळी

नव्या काडतुसाविषयीची पहिली मोठी तक्रार हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरून आली. इ. स. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर असे म्हटले जाऊ लागले की, ही बारीक व धातूचे पूर्ण आवरण असलेली गोळी शरीरातून आरपार जाते, परंतु धावून येणाऱ्या माणसास जागच्या जागी थोपवीत नाही. मार्टिनी-हेन्रीची जाड शिशाची गोळी ज्यांच्या परिचयाची होती, त्यांना हा फरक विशेष जाणवला. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने यावर उपाय म्हणून टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. शरीरात शिरताच ती पसरे आणि भयंकर जखम करी. तिला गावाचेच नाव पडले आणि ते जगातील अनेक भाषांत गेले.

इ. स. १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्या वर्ज्य करण्याचा ठराव आला. त्यास ब्रिटनने विरोध केला. सुसंस्कृत राष्ट्रांचा सैनिक जखमी होताच थांबतो, पण रानटी शत्रू थांबत नाही, अशा आशयाचा युक्तिवाद ब्रिटिश लष्करी प्रतिनिधीने तेथे मांडला. परंतु बहुसंख्य राष्ट्रांनी ठराव संमत केला. पुढे इ. स. १९०७ मध्ये ब्रिटननेही तो मान्य केला. या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. काडतुसाची निवड केवळ पल्ला व वेग यांच्या आकड्यांवर ठरत नाही. ते कोणाच्या अंगावर झाडावयाचे, याविषयीची कल्पनाही तीत मिसळलेली असते. दुसरी गोष्ट अशी की, गोळी पसरविण्याचा मार्ग बंद झाल्यावर तिची परिणामकारकता वाढविण्यासाठी वेग आणि आकार हेच मार्ग उरले. इ. स. १९१० मध्ये आलेली १७४ ग्रेन वजनाची टोकदार ‘मार्क सात’ गोळी याच मार्गाने आली. तिचा वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट होता.

येथे एका योगायोगाची नोंद केली पाहिजे. इ. स. १८५७ च्या जानेवारीत चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता प्रथम पसरली ती याच दमदममधून. तेव्हाची ती एन्फील्ड रायफलही काडतुसाच्या पायीच इतिहासात शिरली होती. दोन पिढ्यांच्या अंतराने त्याच गावाचे नाव पुन्हा एका काडतुसाशी जोडले गेले.

३. आखूडपणाचे कारण

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. बोअरांच्या हाती ७ मिलिमीटरच्या माउझर रायफली होत्या. पाच काडतुसांची पट्टी वरून दाबली की त्यांची पेटी एका क्षणात भरे. ब्रिटिश शिपायास मात्र ली-एन्फील्डच्या पेटीत एकेक काडतूस हाताने सारावे लागे. डिसेंबर १८९९ मध्ये मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो येथे खंदकांत दडलेल्या, निर्धूम दारूमुळे न दिसणाऱ्या नेमबाजांनी ब्रिटिश पलटणींची जी दशा केली, तिने नेमबाजीचा प्रश्न ऐरणीवर आणला.

तथापि आखूड रायफलीची कल्पना मुख्यतः घोडदळाच्या अनुभवातून उद्भवली. तोपर्यंत पायदळास लांब रायफल आणि घोडेस्वारास कार्बाइन अशी विभागणी होती. लांब ली-एन्फील्डची नळी ३०.२ इंच आणि एकूण लांबी ४९.५ इंच होती; कार्बाइनची नळी अवघी २०.७५ इंच व पेटी सहा काडतुसांची होती. आफ्रिकेच्या मोकळ्या माळावर माउझरच्या पल्ल्यापुढे कार्बाइन निरुपयोगी ठरली आणि घोडेस्वारांना पायदळाच्याच लांब रायफली द्याव्या लागल्या. त्या घोड्यावर वागविणे कष्टाचे होते. याउलट बोअर हा घोड्यावरून येई, खाली उतरून रायफलीने लढे आणि पुन्हा घोड्यावर बसून निघून जाई. घोडेस्वार आणि पायदळाचा शिपाई हा भेदच त्याच्या बाबतीत नाहीसा झाला होता.

यावर निघालेला तोडगा असा : सर्व सैन्यास एकच रायफल द्यावी आणि ती दोन्ही जुन्या शस्त्रांच्या मधल्या लांबीची असावी. नव्या रायफलीची नळी २५.२ इंच आणि एकूण लांबी सुमारे ४४.५ इंच ठरली. वजनही सुमारे एक पौंडाने उतरले. पट्टीने काडतुसे भरण्याची सोय तीत करण्यात आली. इ. स. १९०७ च्या जानेवारीत आलेल्या ‘मार्क तीन’ या नमुन्यात ही सोय पक्क्या पुलाच्या रूपाने सुधारण्यात आली.

हाच विचार त्या सुमारास अमेरिकेतही झाला. तेथील नव्या स्प्रिंगफील्ड रायफलीचा आरंभीचा नमुना ३० इंच नळीचा होता, इ. स. १९०३ मध्ये स्वीकृत झालेल्या रायफलीची नळी २४ इंचांची आहे. दोन्ही देशांनी घोडदळाची कार्बाइन आणि पायदळाची रायफल ही जोडी मोडून एकच शस्त्र केले. भांडारे, शिक्षण आणि कारखाने या तिन्ही दृष्टींनी ते स्वस्त होते. आखूडपणाच्या निर्णयात नेमबाजाइतकाच भांडारपालाचाही वाटा होता, असे म्हणणे भाग आहे.

४. आक्षेप आणि अपुरी राहिलेली सुधारणा

नव्या रायफलीवर टीका तीव्र झाली. नेमबाजीच्या स्पर्धांत मुरलेल्या तज्ज्ञांचे म्हणणे असे की, नळी आखूड केल्याने गोळीचा वेग घटतो आणि पुढची माशी व मागचा नेम यांतील अंतर कमी झाल्याने नेमातील चूक वाढते. शिवाय बाराचा झोत व धक्का दोन्ही वाढतात. पायदळाच्या जुन्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, पाच इंच आखूड बंदुकीस संगीन लावली तरी शत्रूची संगीन आधी पोहोचेल. पहिल्या आक्षेपात शास्त्रीय तथ्य होते, पण त्याची मात्रा युद्धाच्या नित्याच्या अंतरांवर अल्प होती. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर म्हणून इ. स. १९०७ च्या संगिनीचे पाते १२ इंचांवरून १७ इंच करण्यात आले. रायफलीचे कमी केलेले पाच इंच अशा रीतीने संगिनीत परत आले. जुन्या कल्पना नव्या शस्त्रास आपल्या मापाने कसे वाकवितात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

टीकेचा परिणाम मात्र दूरवर गेला. ही रायफल तात्पुरती मानून युद्धखात्याने माउझर पद्धतीची, पुढे खुंट असलेली नवी रायफल आणि तिच्यासाठी ०.२७६ इंचांचे नवे, कडेविरहित व अतिवेगवान काडतूस तयार करविले. इ. स. १९१३ मध्ये पलटणींत त्यांच्या चाचण्या झाल्या. रायफल अचूक ठरली. काडतूस मात्र नापसंत पडले. बाराचा आवाज आणि झोत मोठा, नळी लवकर तापे आणि लवकर झिजे. दोष दूर होण्यापूर्वीच ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध आले व काडतूस बदलण्याचा विचार मागे पडला. तीच नवी रायफल पुढे जुन्या ०.३०३ मापात, अमेरिकेतील कारखान्यांतून बनवून घेण्यात आली. काडतूस टिकले, त्याच्या भोवतीची रायफल बदलली. काडतुसाबरोबर यंत्रतोफा, साचे, कोठारे आणि जगभर पसरलेले साठे बांधलेले असतात. म्हणून रायफल बदलणे त्या मानाने सुकर आणि काडतूस बदलणे दुष्कर असते.

महायुद्धाने तज्ज्ञांच्या टीकेस वेगळेच उत्तर दिले. दहा काडतुसांची पेटी, पट्टीने होणारी भरती आणि लीच्या आखूड प्रवासाचा बोल्ट यांमुळे शिक्षित ब्रिटिश शिपाई मिनिटास पंधरा नेमके बार काढू शकत असे. इ. स. १९१४ च्या पहिल्या लढायांत या झपाट्याचे महत्त्व प्रत्ययास आले. चिखलातही ही यंत्ररचना चालू राहिली. मात्र हे गुण इ. स. १९०२ च्या निर्णयामागील मुख्य हेतू नव्हते, हे विसरून चालणार नाही. घोडदळासाठी आखूड केलेली रायफल खंदकांत सोयीची ठरली. ज्या घोडेस्वारासाठी ती घडली, त्याचे युगच त्या खंदकांनी संपविले.

५. हिंदुस्थानातील परिणाम

इ. स. १८५७ नंतर हिंदी पलटणींस ब्रिटिश पलटणींच्या तुलनेने एक पिढी मागची बंदूक द्यावी, असे धोरण रूढ झाले होते. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका मुद्दाम करविण्यात आल्या. ब्रिटिशांकडे मार्टिनी-हेन्री असता हिंदी पलटणींकडे स्नायडर, आणि ब्रिटिशांकडे ली-मेटफर्ड असता हिंदी पलटणींकडे मार्टिनी-हेन्री, असा क्रम चालला. इ. स. १८९७ मध्ये सारागढीच्या चौकीवर शिखांनी जी झुंज दिली ती मार्टिनी-हेन्रीनिशीच. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी पलटणींस ०.३०३ ची रायफल मिळू लागली, तरी अंतर सर्वस्वी मिटले नाही. इ. स. १९१४ च्या शरदात लाहोर व मेरठ डिव्हिजने फ्रान्समध्ये मार्सेय येथे उतरली, तेव्हा त्यांच्या रायफली बदलून देणे भाग पडले. कारण जुन्या नमुन्यांचे नेम पूर्वीच्या बोथट गोळीस अनुसरून होते, आणि आघाडीवरचा पुरवठा नव्या टोकदार गोळीचा होता. काडतुसातील बदल रायफलीस कालबाह्य करतो, याचा अनुभव हिंदी शिपायांस प्रथम धक्क्यावरच आला. त्याच वर्षी मुंबई किनाऱ्यावरून निघालेले सहावे पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेले. त्यातील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी इ. स. १९१६ च्या एप्रिलपर्यंत कूटच्या वेढ्यात होत्या. त्यांच्या खांद्यावरही ०.३०३ चीच बंदूक होती.

या निवडीने देशात एक उद्योगही उभा राहिला. बंगालमधील इच्छापूर येथे जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागी इ. स. १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला. त्याच सुमारास निलगिरीतील अरुवंकाडू येथे कॉर्डाइट कारखाना निघाला. पुण्याजवळ खडकी येथे इ. स. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होताच, तेथील ०.३०३ च्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही मुद्रा आढळते. रायफल बंगालची, दारू निलगिरीची, काडतूस महाराष्ट्रातील, असा हा विस्तार होता. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर चार’ हा नवा नमुना स्वीकारला, तरी इच्छापूर जुन्याच आखूड नमुन्यावर कायम राहिले. साचे व यंत्रे बदलण्यास त्या धामधुमीत अवसर नव्हता.

अविश्वासाची रेषा नागरी जीवनातही उमटली. सैनिकी मापाचे म्हणून ०.३०३ चे काडतूस खासगी परवान्यास वर्ज्य करण्यात आले. म्हणून इच्छापूरने शिकारीसाठी ०.३१५ मापाची निराळी रायफल बनविली. पोलिसांच्या व पहारेकऱ्यांच्या काही रायफली ०.४१० मापाच्या एकबारी बंदुकांत परिवर्तित केल्या गेल्या. त्या बळकावल्या गेल्या तरी सैनिकी काडतूस तींत चालू नये, हा हेतू उघड होता. येथेही नियंत्रणाचे साधन काडतूस हेच आहे.

६. आखूडपणाची सीमा

रायफल किती आखूड करता येईल, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले. ब्रह्मदेशाच्या अरण्यात लांब रायफल वेलींत अडके. इ. स. १९४४ मध्ये ‘नंबर पाच’ ही १८.७५ इंच नळीची, सुमारे सात पौंड वजनाची रायफल निघाली. तिच्या नळीच्या तोंडाशी झोत झाकणारे नाळके आणि दस्त्याला रबराची गादी होती. या दोन जोडण्यांतच अडचणीची कबुली आहे. लांब नळीसाठी योजिलेले तेच काडतूस आखूड नळीत झाडल्याने बरीचशी दारू नळीबाहेर जळे, धक्का असह्य होई. शिवाय नेम स्थिर राहत नाही, अशी तक्रार आली. युद्धानंतर तीनच वर्षांच्या आत तिचे उत्पादन थांबले. इ. स. १९०२ ची पाच इंचांची कपात काडतुसाने सोसली. पुढची साडेसहा इंचांची कपात त्याने सोसली नाही. आखूड रायफलीस आखूड नळीजोगे काडतूस हवे, हा धडा पुढे जगातील सर्व सैन्यांनी घेतला. परंतु तोपर्यंत बोल्टच्या रायफलीचा काळ सरत आला होता.

या इतिहासाचा शेवटचा अध्याय भारतात लिहिला गेला. इ. स. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर इच्छापूरने त्याच जुन्या आखूड रचनेत ७.६२ मिलिमीटरच्या कडेविरहित काडतुसाची रायफल बनविली. अधिक दाब सोसण्यासाठी अधिक चांगले पोलाद वापरले आणि काडतूसपेटी बदलली. सैन्याने याच काडतुसाची स्वयंभरण रायफल स्वीकारली होती. म्हणून दुय्यम दलांसही तेच काडतूस चालावे, ही निकड होती. खानदेशात वरणगाव येथे इ. स. १९६४ मध्ये स्थापन झालेला कारखाना याच विस्ताराचा भाग होय. कडेच्या काडतुसाने जी सुधारणा इ. स. १९१३ मध्ये एन्फील्ड येथे अडविली, ती पन्नास वर्षांनंतर इच्छापूर येथे घडली. मूळची ०.३०३ ची रायफल तरीही राज्यांच्या पोलीस दलांत राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा स्वयंचलित शस्त्रांपुढे तिची असमर्थता सर्वांनी पाहिली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० रोजी समारंभपूर्वक निरोप दिला.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, शस्त्राची ‘उत्तम’ अशी निवड करणारा कोणी एक सुज्ञ न्यायाधीश इतिहासात आढळत नाही. इ. स. १९०२ च्या निर्णयात बोअर युद्धाची नामुष्की, घोडदळाचा प्रश्न, भांडाराची काटकसर आणि काळ्या दारूच्या काळापासून आलेले कवच, ही सर्व एकत्र आली. रायफलीची लांबी वादाने ठरली. काडतूस मात्र साठ्यांच्या वजनाने टिकले. अभ्यासकाने म्हणून प्रथम काडतूस पाहावे आणि नंतर बंदूक पाहावी.

हिंदुस्थानच्या बाबतीत आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. शस्त्राची निवड ही सत्तेची निवड असते : कोणास कोणती बंदूक द्यावयाची, कोणास मागची द्यावयाची, आणि कोणाच्या हाती काडतूस मुळीच पडू द्यावयाचे नाही, हे तीत ठरते. त्या सत्तेचा शेवट इ. स. १९४७ मध्ये झाला. परंतु तिने ठरविलेले माप पुढे सात दशके पोलीस चौक्यांच्या भिंतींवर टांगलेले राहिले. राज्य बदलते तेव्हा त्याची शस्त्रागारे तत्काळ बदलत नाहीत. साम्राज्योत्तर शासनसंस्थांच्या अभ्यासात या मंद गतीचा विचार यापूर्वी झाला आहे त्याहून अधिक झाला पाहिजे.